स्वस्त चालेल, बेनामी नको!

महिन्याचा शेवटचा आठवडा. मेसचे पैसे भरून झालेत, रिचार्ज मारून झालाय, एसटीचा पास काढलाय आणि पाकिटात उरलेत जेमतेम सहाशे रुपये. तिकडे मोबाईलच्या स्क्रीनवर एक मुलगी अकरा बाटल्या ओळीने मांडून सांगतेय, ‘हे माझं अगदी बेसिक रूटीन हं!’ तुम्ही मनातल्या मनात बेरीज करता. चार बाटल्यांतच मेसचं बिल पार होतं. मग एक तर सगळं सोडून द्यावंसं वाटतं, नाही तर कुणी तरी सांगतं, ‘अगं, स्टेशनजवळ दीडशेत मिळतं, तस्संच!’

हे ‘तस्संच’ प्रकरण काय असतं, त्याबद्दल आज बोलायचंय.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. ‘कॉलेजात शिकायला जाता की नटायला?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. विचारणाऱ्यांना विचारू द्या. एकोणिसाव्या वर्षी गालावर पिंपल्सची रांग उठली की वर्गात पहिल्या बाकावर बसायची हिंमत होत नाही, प्रेझेंटेशन द्यायला उभं राहताना हात आधी चेहऱ्याकडे जातो. हे ज्याला माहीत आहे, तो या विषयाला थिल्लर म्हणणार नाही. कॅम्पस इंटरव्ह्यूला नीटनेटकं दिसावं वाटणं, गॅदरिंगला डोळ्यांत काजळ घालावं वाटणं, यात लाजायचं काही नाही. आणि मुलग्यांनो, पान उलटू नका. पाऊण तास बाईक चालवत कॉलेजला येणारे तुम्हीच, आणि केस कापायला गेल्यावर ‘डी-टॅन मारू का?’ या प्रश्नाला मान डोलावणारेही तुम्हीच.

तर सहाशे रुपयांत काय होतं? बरंच होतं. कारण त्वचेला जे खरोखर लागतं, ते मुळात महाग नाहीच. ग्लिसरीन स्वस्त आहे. पेट्रोलियम जेली स्वस्त आहे. हल्ली ज्याच्या नावाने सीरम विकली जातात ते नायसिनमाइड म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचंच एक रूप, तेही काही केशराच्या भावाने मिळत नाही. महाग असते ती काचेची बाटली, सुगंध, जाहिरातीतली नटी आणि ‘लक्झरी’ हा शब्द. त्यामुळे अडीचशेचं मॉइश्चरायझर अडीच हजारांच्या मॉइश्चरायझरच्या तोडीचं निघालं, तर त्यात चमत्कार काही नाही.

रोजच्यासाठी तीन गोष्टी पुरतात. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. फेसवॉशवर फार डोकं चालवू नका. तो दोन मिनिटांत गटारात जाणारा पदार्थ आहे. त्यात हळद, सोनं, व्हिटॅमिन सी काय वाट्टेल ते असलं तरी ते पाण्याबरोबर वाहूनच जातं. धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटला नाही म्हणजे झालं. मॉइश्चरायझर तेलकट त्वचेलाही लागतं, फक्त जेलसारखं हलकं घ्या. टोनर, एसेन्स, मिस्ट वगैरे मंडळी नसली तरी काही अडत नाही.

पैसे घालायचे ते सनस्क्रीनमध्ये. आणि इथेच आपण कंजुषी करतो. एसपीएफ ३० म्हणजे ऊन भाजून काढणारे जे यूव्हीबी किरण, त्यातले साधारण ९७ टक्के अडतात, एसपीएफ ५० ला साधारण ९८ टक्के. म्हणजे ५० वरून ७० वर उडी मारायला जास्तीचे दोनशे रुपये मोजण्यात फारसा अर्थ नाही. त्यापेक्षा पाकिटावर ‘पीए’ आणि त्यापुढे अधिकची चिन्हं किती आहेत ते बघा. ते यूव्हीए किरणांसाठी असतं, जे ढगातून आणि खिडकीच्या काचेतूनही येतात आणि डाग गडद करतात. मात्र हे सगळे आकडे खरे ठरतात ते पुरेसं लावलं तरच. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ, एवढं सनस्क्रीन चेहऱ्याला आणि मानेला लागतं. या हिशेबाने ५० ग्रॅमची ट्यूब दीड-पावणेदोन महिन्यांत संपायला हवी. तुमची गणपतीत घेतलेली ट्यूब होळीपर्यंत चालली असेल, तर तुम्ही सनस्क्रीन लावत नाही आहात, त्याचा गंध लावताय.

म्हणून सनस्क्रीन असं घ्या जे परत परत विकत घेणं परवडेल. ट्यूब छोटी की मोठी, हा प्रश्न पडला तर एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली दर छापलेला असतो, तो वाचा. किराणा घेताना आई जो हिशेब तोंडी करते, तोच हा. बऱ्याचदा ‘ऑफर’मधला छोटा पॅक ग्रॅममागे महाग पडतो. मात्र पहिल्यांदाच वापरून बघत असाल तर छोटाच घ्या. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघा आणि मग चेहऱ्यावर. नवीन गोष्ट एका वेळी एकच. तिघींनी मिळून तीन सीरम आणली आणि तिघींनी तिन्ही लावली, तर पुरळ कशाने आलं हे शेरलॉक होम्सलाही सांगता यायचं नाही.

घरगुती उपायांबद्दल दोनच ओळी. मुलतानी माती, दही, दिवाळीचं उटणं, खुशाल लावा, सोसत असेल तर. पण चेहऱ्यावर लिंबू पिळून उन्हात जाऊ नका, त्याने काळे चट्टे पडू शकतात. आणि पिंपलवर टूथपेस्ट लावू नका. ती दातांसाठी असते.

आता मेकअप. रोज कॉलेजला जाताना लागतं तरी काय? बहुतेकींचं उत्तर काजळ आणि लिपस्टिक असंच येईल, आणि ते बरोबर आहे. टिंटेड सनस्क्रीन मिळालं तर फाउंडेशनचा खर्च वाचतो. त्यातला रंग बहुधा आयर्न ऑक्साइडचा असतो आणि काळे डाग असणाऱ्यांना त्याचा फायदाही होतो. लिपस्टिकचाच एक ठिपका बोटाने गालावर पसरला की ब्लश झाला. (पापण्यांवर मात्र लावू नका. ओठांसाठी चालणारे सगळे रंग डोळ्यांजवळ चालतात असं नाही.) शेड निवडताना मनगटावर बघू नका. मनगट आणि चेहरा यांचा रंग कुणाचाच सारखा नसतो. जबड्याच्या कडेला रेघ ओढा आणि दुकानाच्या बाहेर येऊन उजेडात बघा, कारण आतल्या पांढऱ्या दिव्याखाली सगळंच शोभतं. टेस्टरची लिपस्टिक थेट ओठांना लावायची नाही, हातावर घासायची. तुमच्याआधी ती किती जणींनी लावली असेल याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

आणखी एक. ‘न्यूड’ नावाने मिळणाऱ्या फिकट गुलाबी शेड्स आपल्याकडच्या बऱ्याच चेहऱ्यांवर राखाडी, आजारी दिसतात. तो तुमच्या रंगाचा दोष नाही. ती शेड ज्या चेहऱ्यासाठी बनली, तो चेहरा वेगळा होता. विटकरी, डाळिंबी, मरून, चिकूच्या सालीसारखा तपकिरी हे रंग सावळ्या आणि गव्हाळ चेहऱ्यावर किती खुलतात, ते साडीच्या दुकानात बसलेल्या कुठल्याही मावशीला विचारा. तिला अंडरटोन हा शब्द माहीत नसेल, पण कुठला रंग कुणाला ‘उठून दिसतो’ हे नक्की माहीत असतं.

ब्रशचं म्हणाल तर चोवीस ब्रशचं ते चकचकीत पाउच घेऊ नका. त्यातले वीस कधी वापरले जात नाहीत आणि उरलेल्या चारांचे केस गालाला चिकटून बसतात. तीन पुरेत. पावडर आणि ब्लशसाठी एक गुबगुबीत, कन्सीलरसाठी एक छोटा चपटा आणि भुवयांसाठी एक तिरक्या टोकाचा. सिंथेटिक केसांचा घ्या, धुवायला सोपा आणि क्रीम शोषून घेत नाही. दुकानात उभ्या उभ्या तीन परीक्षा घ्या. केस हलकेच ओढा, गळतात का? हाताच्या पाठीवर दाबून फिरवा, टोचतात का? दांडा आणि धातूची पट्टी धरून हलवा, खुळखुळते का? पास झाला तर साठ रुपयांचा असला तरी घ्या. स्टेशनरीच्या दुकानात चित्रकलेचे सिंथेटिक ब्रश मिळतात, त्यातला नवा कोरा, बारीक गोल ब्रश आयलायनरसाठी आणि छोटा चपटा कन्सीलरसाठी झकास चालतो. ज्या कॅमलिनच्या ब्रशने शाळेत वारली चित्रं काढली, त्याचंच भावंड.

मग धुवा मात्र. आठवड्यातून एकदा, साध्या शाम्पूने, टोक खाली धरून. पाणी पट्टीच्या आत गेलं की डिंक सुटतो आणि केस गळायला लागतात. सुकवताना टेबलाच्या कडेला आडवा ठेवा, टोक बाहेर. स्पंजबद्दल मुंबई-कोकणातल्या मंडळींनी विशेष ऐकावं. पावसाळ्यात ओला स्पंज डबीत बंद करून ठेवला तर चार दिवसांत त्यात बुरशीची वस्ती होते. काळे ठिपके दिसले की तो धुवायचा नाही, टाकायचा. आणि काजळ, लायनर, मस्कारा जिवलग मैत्रिणीलाही द्यायचा नाही. रांजणवाडी काय, डोळे येणं काय, मैत्री बघून थांबत नाही.

हे सगळं आणायचं कुठून? पुण्यात तुळशीबाग, मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि दादर स्टेशनचा परिसर, नागपुरात सीताबर्डी, कोल्हापुरात महाद्वार रोड. या बाजारांवर आमचं प्रेम आहे. घासाघीस करायला शिकवणारी ही विद्यापीठं आहेत. ओळखीच्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या दुकानात तिथे खरा माल रास्त भावात मिळतो. पण त्याच गल्लीत, चार पावलांवर, आठशेची लिपस्टिक शंभरला मिळते. विकणारा स्वतःच सांगतो, ‘फर्स्ट कॉपी है.’ कानातलं फर्स्ट कॉपी असलं तर फार तर कान हिरवा होईल. पण लिपस्टिक तर दिवसभरात थोडी थोडी पोटात जाते. नकली माल बनवणाऱ्याने त्यात कुठला रंग घातला, हे विचारायला पत्ताच नसतो.

स्वस्त आणि बेनामी यातला फरक हा असा आहे. चाळीस रुपयांचं काजळ चालेल, जर त्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता असेल, बॅच नंबर असेल, परवाना क्रमांक असेल आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख असेल. आपल्याकडे २०२० चे सौंदर्यप्रसाधनांचे नियम आहेत, त्यांनी हे सगळं छापणं बंधनकारक केलंय. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. अगदी छोट्या पॅकवर घटकांची यादी नसली तरी चालते, पण नाव-पत्ता नसेल तर वस्तू परत ठेवायची. पॅकवर उघड्या डबीचं चित्र आणि त्यात १२ एम असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. सेलमध्ये पन्नास टक्के सूट दिसली की आधी एक्सपायरी बघा. दोन महिन्यांत संपणार असेल आणि तुम्ही ते दोन महिन्यांत संपवणार असाल, तर सौदा उत्तम.

हे इतकं कानीकपाळी ओरडून सांगायचं कारण लिपस्टिक नाही. कारण आहे ती छोटी पांढरी डबी. तिच्यावर कधी परदेशी लिपी असते, कधी नुसतं एका गोऱ्या मुलीचं चित्र, कधी काहीच नाही. कुणी तरी पार्लरमध्ये हळूच देतं, कुणी व्हॉट्सअॅपवर विकतं. ‘सात दिवसांत फरक’ असं सांगितलं जातं आणि पंचाईत अशी की फरक खरंच पडतो.

तो पडतो कशाने? बऱ्याचदा पाऱ्याने. त्वचेत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य तयार होतं. पारा ती प्रक्रियाच अडवतो, म्हणून रंग झपाट्याने उजळतो. पण तो त्वचेतून आत शिरतो, रक्तात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. आपल्या नियमांनुसार डोळ्यांजवळची प्रसाधनं सोडली, तर इतर कशातही पारा दहा लाखात एका भागापेक्षा जास्त असता कामा नये, तोही नकळत आलेला. २०२३ मध्ये अकोल्याहून बातमी आली होती, एकाच घरातल्या काही जणांच्या मूत्रपिंडांना इजा झाली, कारण शोधता शोधता डॉक्टर गोरेपणाच्या क्रीमपर्यंत पोहोचले आणि त्यात पारा सापडला. त्याच वर्षी केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातही डॉक्टरांना अशा मूत्रपिंडविकाराचे रुग्ण एकापाठोपाठ दिसले आणि धागा तिथेही क्रीमपाशीच जुळला. अशा काही डब्यांवर एक सूचना असते, सोन्याचांदीच्या दागिन्यांना क्रीम लागू देऊ नका. वाचणाऱ्याला वाटतं, केवढी काळजी घेतात! पारा सोन्याला लागला की सोनं पांढरं पडतं, हे कुठलाही सोनार सांगेल. अंगठीला सोसत नाही ते गालाला लावायचं?

दुसरा प्रकार तर मेडिकलमध्येच मिळतो. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल ही नावं लक्षात ठेवा. ही स्टिरॉइड्स आहेत. इसब, सोरायसिस अशा आजारांत डॉक्टर ती ठराविक दिवसांसाठी देतात आणि तेव्हा ती औषधंच असतात. पण कुणाच्या तरी चिठ्ठीवरची ट्यूब मैत्रिणींच्या ग्रुपमध्ये फिरते आणि ‘डेली क्रीम’ होऊन बसते. पहिले दोन आठवडे चेहरा असा तुकतुकीत दिसतो की सगळे विचारतात, ‘काय लावतेस गं?’ मग त्वचा पातळ होते, लाल नसा दिसू लागतात, पुरळ उठतं, गालावर लव वाढते. घाबरून क्रीम बंद केलं की चेहरा भडकतो, म्हणून पुन्हा सुरू. व्यसन म्हणतात ते हेच. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरीही कितीतरी काउंटरवर नुसतं नाव सांगितलं की ट्यूब समोर येते. पाकिटावर उभी लाल रेघ आणि शेड्यूल एचचा इशारा दिसला, तर ते कॉस्मेटिक नाही, औषध आहे.

आणि हे कशासाठी? एका रंगासाठी. ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आलं १९७५ मध्ये. त्याच्या नावातलं ‘फेअर’ गेलं २०२० मध्ये. मधली पंचेचाळीस वर्षं ते नाव आपल्या घराघरातल्या आरशासमोर होतं. नाव बदललं, पण स्थळं बघताना ‘मुलगी उजळ आहे ना?’ विचारणारी माणसं आहेत तिथेच आहेत. ‘ग्लो’, ‘ब्राइट’, ‘टॅन रिमूव्हल’ हे नवे शब्द ऐकून तुम्ही स्वतःलाच एकदा विचारा, की आपल्याला डाग घालवायचेत की रंग? डाग, पिंपल्स, कोरडेपणा यांच्यावर इलाज आहेत आणि ते स्वस्तही आहेत. रंगावर इलाज नाही, कारण तो आजार नाही. बजेट कोलमडतं ते दुसऱ्या खात्यात पैसे टाकल्यावर.

पिंपल्स फारच त्रास देत असतील, गाठी होत असतील, खड्डे पडत असतील, तर सहावं सीरम मागवण्याआधी जिल्हा रुग्णालयाच्या किंवा जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग ओपीडीत जा. सकाळी लवकर गेलात तर रांग बरी असते. केसपेपरला जे लागतं, त्यात कॉलेजच्या कँटीनमध्ये एक सँडविचही येत नाही.

आणि तुमच्या रूमवर कुणी ती पांढरी डबी वापरत असेल, तर तिला हसू नका, ओरडू तर अजिबात नका. डबी असेल तर तिने ती लावणं थांबवावं, पण फेकू नये. ट्यूब स्टिरॉइडची असेल आणि बरेच दिवस लावलेली असेल, तर एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण ती कशी कमी करायची हे तेच सांगू शकतात. काहीही असलं तरी डबी, ट्यूब, खोकं, जे असेल ते सोबत घेऊन जा. चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज असेल, लघवीला फेस येत असेल, तर त्याच दिवशी. विकणाऱ्याची तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करता येते, आणि ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. तिला एकटीला जायला संकोच वाटेल. पहिलं लेक्चर बुडवा आणि सोबत जा.